जँगो ॲडमिनमध्ये ‘पट्टी छापा’चं बटण

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गूळ अडतीचा हिशेब जँगो ॲडमिनवर (पायथनच्या जँगो फ्रेमवर्कसोबत येणारी, नोंदी ठेवायची तयार पानं) ठेवायचा तर एक मागणी ठरलेली: नोंद उघडली की वर ‘पट्टी छापा’ बटण पाहिजे (पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती). त्यासाठी चेंज_फॉर्म.एचटीएमएल, म्हणजे नोंद बदलायच्या पानाची टेम्प्लेट फाइल, अख्खी कॉपी करून त्यात खाडाखोड करणारे पुष्कळ. चालतं ते, पुढच्या अपग्रेडपर्यंत. मूळ फाइल बदलते, तुमची कॉपी जुनीच राहते.

चार-पाच ओळींची फाइल पुरते. प्रोजेक्टच्या टेम्प्लेट्स फोल्डरात ॲडमिन/गूळ/पट्टी/चेंज_फॉर्म.एचटीएमएल असा मार्ग ठेवा. ॲप आणि मॉडेलची नावं स्मॉल लेटर्समध्ये. पहिला टॅग एक्स्टेंड्सचा, ॲडमिनच्या मूळ चेंज_फॉर्मवर. मग ऑब्जेक्ट-टूल्स-आयटम्स हा ब्लॉक, त्यात एलआयमध्ये आपली लिंक आणि शेवटी ब्लॉक.सुपर, म्हणजे त्या ब्लॉकचा मूळ मजकूर. तो विसरलात की ‘हिस्टरी’ची लिंक गेली. ब्लॉकबाहेर लिहिलेलं एचटीएमएल पानावर येत नाही, एररही देत नाही. मूळ फाइलमधले लोड टॅगही वारशात मिळत नाहीत, परत लिहावे लागतात.

लिंकचा पत्ता हाताने जोडू नका. आकड्यांत हजारांचा स्वल्पविराम चालू असेल तर १२३४ नंबरच्या पट्टीचा पत्ता ‘१,२३४’ होतो आणि ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो. पत्ता बनवणाऱ्या यूआरएल टॅगला ओरिजिनल.पीके, म्हणजे उघडलेल्या नोंदीचा नंबर, द्या. नवीन नोंदीच्या पानावर बटण दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. सेव्हच न झालेल्या पट्टीला नंबर कुठला?

दुकानाचं नाव हेडरला आणायला बेस_साइट.एचटीएमएलमधला ब्रँडिंग ब्लॉक. इथे घोडं पेंड खातं ते क्रमापाशी. टेम्प्लेट शोधताना जँगो आधी सेटिंग्जमधल्या डर्स या यादीतले फोल्डर बघतो, मग इन्स्टॉल्ड_ॲप्स या यादीतली ॲप्स वरून खाली. फाइल ॲपच्या आत असेल तर ते ॲप ॲडमिनच्या वर पाहिजे. पासवर्ड रिसेटचं पान तुम्ही बनवलं आणि दिसतंय मात्र ॲडमिनचं, त्याचं कारण हेच: ॲडमिनकडे त्याच नावाची फाइल आहे. ‘पट्टी’च्या फाइलला ही अडचण नाही, तिचा मार्ग दुसऱ्या कुणाकडे नसतो.

आपल्या बेस_साइट.एचटीएमएलमध्ये ॲडमिनच्या त्याच नावाच्या फाइलवरून एक्स्टेंड करणं जँगो १.९ पासून चालतं.

इनपुटची विजेट टेम्प्लेट्स (फॉर्ममधल्या रकान्यांची) वेगळी: सेटिंग्जमधल्या फॉर्म_रेंडररला टेम्प्लेट्ससेटिंग द्या आणि जँगो.फॉर्म्स इन्स्टॉल्ड_ॲप्समध्ये टाका, नाहीतर डर्सकडे कुणी बघतच नाही.

लोकलला दिसतं, सर्व्हरवर नाही? गनिकॉर्न (सर्व्हरवर जँगो चालवणारा प्रोग्रॅम) रिस्टार्ट करा. डीबग बंद असताना टेम्प्लेट्स कॅशमध्येच राहतात.