पार्ल्याचं स्नेहसंमेलन: विमानं, वडे आणि वीस मिनिटांचं भाषण

विलेपार्ले पूर्वेतल्या आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलन, अहवालवाचन, बक्षिसं हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. उरकावंच लागतं. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, आणि मधला बराच वेळ विमानं खातात.

विमान आलं की थांबायचं, हे पार्लेकराला सांगावं लागत नाही. पाहुणा वक्ता मात्र आवाज चढवतो, माइकवाला आणखी वाढवतो आणि शिट्टी वाजते. स्पीकर वक्त्याच्या मागे लावले की त्यांचाच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. ते माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवायचे. दरवर्षी सांगावं लागतं, हे वेगळं.

गळा दाटतो तो ज्येष्ठ रहिवाशांच्या मनोगताला. वेळ पाच मिनिटांचा, घेतात वीस. घेऊ देत. १९२१चं पार्ले टिळक विद्यालय, १९२३चा लोकमान्य सेवा संघ, १९३०ची मिठाच्या सत्याग्रहाची छावणी ही उजळणी सगळ्यांना पाठ आहे. टिळक गेल्यावर तीन वर्षांच्या आत एवढ्याशा उपनगरानं दोन संस्था उभ्या केल्या, याचा अभिमान आहेच. पण सभा शांत होते ती आजी घराबद्दल बोलायला लागल्या की: बैठी घरं, मागची विहीर, कारखान्यातून येणारा बिस्किटांचा वास. तो कारखाना २०१६मध्ये बंद झाला. वरून विमान जाताना आजी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवून थांबतात आणि आवाज विरला की तेच वाक्य पहिल्यापासून वाचतात.

हजेरीबद्दल बोलायलाच हवं. पुनर्विकासामुळे भाड्यानं बोरिवलीला गेलेले लोकलनं वेळेवर येतात. समोरच्या नव्या इमारतीतले बरोबर वड्यांच्या वेळी खाली उतरतात.

वड्यांचा हिशोब दीडशे माणसांना माणशी दोन. त्याला पंधरा किलो बटाटे आणि पाच किलो बेसन पुरतं. बटाटे सालासकट उकडायचे, नाहीतर पाणी पितात, सारण सैल होतं आणि वडा तेलात फुटतो. सारण पूर्ण निवल्याशिवाय गोळे वळायचे नाहीत. तळलेले वडे झाकून ठेवले की वाफेनं मऊ पडतात, म्हणून शेवटचं गाणं सुरू झाल्यावरच पहिला घाणा.

आता आभार. सारण करणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू, मिरच्या-आलं वाटून देणाऱ्या त्यांच्या सूनबाई, जिन्याखालून सतरंज्या काढणारे वॉचमनकाका, रांगोळीवाल्या दोघी बहिणी, पेटी आणून देणारे सर, पडदा ओढणारी नववीतली मुलं, स्वतःच्या घरातून वायर टाकू देणारे पहिल्या मजल्यावरचे जोशीबुवा नव्हेत, त्यांच्या शेजारचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्च्या मोजून परत करणारे खजिनदार. इस्त्रीवाले भैया राहिलेच. पाहुण्यांची शाल ऐनवेळी त्यांनीच कडक करून दिली, पैसे न घेता.