स्टडची खरी ताकद कुठून येते: पुश-आउट चाचणीचा माझा अनुभव

दोन स्टील प्लेट आणि मध्ये काँक्रीटचा गाभा, अशा सँडविच रचनेत सगळी भिस्त शिअर कनेक्टरवर असते, म्हणजे प्लेटला वेल्ड केलेल्या आणि काँक्रीटमध्ये रुतलेल्या स्टडवर (स्टीलच्या आखूड दांड्यावर). तो घसरण रोखतो आणि प्लेटला गाभ्यापासून सुटू देत नाही. दाबाखालची प्लेट फुगू नये हेही कनेक्टरमधल्या अंतरावर ठरतं. त्याची ताकद मोजायला मी पुश-आउट चाचणी वापरतो: स्टडने काँक्रीटला जोडलेलं स्टील जॅकने खाली ढकलत जोड निकामी होईपर्यंत भार वाढवायचा. जॅक सुरू होण्याआधीच निम्मा निकाल ठरलेला असतो, म्हणून तयारीबद्दलच जास्त लिहितो.

आधी कागदावरचा अंदाज. युरोकोड ४ (स्टील-काँक्रीट संयुक्त रचनांचं युरोपीय मानक) प्रमाणे एका हेडेड, म्हणजे टोकाला डोकं असलेल्या, स्टडचे दोन आकडे काढायचे. स्टील तुटण्याचा आकडा म्हणजे ०.८ गुणिले स्टडची ताण-ताकद (ओढून तुटतानाची) गुणिले छेदाचं क्षेत्रफळ. काँक्रीट चिरडण्याचा आकडा म्हणजे ०.२९ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले (सिलिंडर ताकद × काँक्रीटचा ई) याचं वर्गमूळ. सिलिंडर ताकद म्हणजे काँक्रीटचा सिलिंडर दाबून मिळणारी ताकद, आणि ई म्हणजे त्याच्या ताठपणाचा गुणांक. लहान आकडा धरायचा. १९ मिमी व्यास, १०० मिमी उंची, ४५० मेगापास्कलचा स्टड घेतला तर स्टीलचा आकडा साधारण १०२ किलोन्यूटन येतो. सिलिंडर ताकद २५ मेगापास्कल असेल तर काँक्रीटचा ९२, आणि ४० केली तर १२४. पण तेव्हा स्टड १०२ लाच तुटणार, म्हणजे काँक्रीट इतकं वाढवून हाती फक्त १० किलोन्यूटन लागतात. डिझाइनसाठी यांना १.२५ ने भागायचं, चाचणीच्या अंदाजासाठी नाही. उंची व्यासाच्या चौपटीहून कमी असेल तर काँक्रीटचा आकडा घटतो. सँडविचचा गाभा पातळ असतो, त्यामुळे हे हमखास तपासावं लागतं.

प्लेटची जाडीही पाहा. स्टडचा व्यास जाडीच्या अडीचपटीपेक्षा जास्त नको. १९ मिमीच्या स्टडला किमान ८ मिमी प्लेट लागते. ६ मिमीवर तो लावला तर स्टडऐवजी प्लेटच फाटते आणि आपण भलतीच गोष्ट मोजतो.

वेल्डिंगला प्लेटवरचा गंज, रंग, तेल काढून टाका. सिरॅमिक फेरूल (वेल्ड होताना स्टडच्या मुळाभोवती ठेवायचं कडं) कोरडंच हवं, ओलसर असेल तर वेल्ड सच्छिद्र होतो. कॉलर, म्हणजे मुळाशी वितळलेल्या धातूचं वलय, पूर्ण ३६० अंश दिसली पाहिजे आणि स्टडची उंची काही मिलिमीटर कमी झालेली असली पाहिजे. ती कमी झाली नसेल, तर स्टड वितळून नीट बसलेलाच नाही. त्याच सेटिंगवर दोन-तीन जादा स्टड लावून हातोड्याने वाकवून पाहतो. वेल्डला तडा गेला तर करंट आणि वेळ बदलायची. कॉलर घासून काढू नका, तीही भार घेते.

नमुना असा: मध्ये आय-सेक्शन (I आकाराची स्टीलची तुळई), तिच्या दोन्ही फ्लँजवर (बाहेरच्या सपाट पट्ट्यांवर) चार-चार स्टड, दोन्हीकडे काँक्रीट, आणि सँडविचसारखा आवळ मिळावा म्हणून बाहेरून दुसरी प्लेट. फ्लँजला ग्रीस लावतो, नाहीतर चिकटण्याची ताकद स्टडच्या नावावर जमा होते.

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा नमुना भरण्याच्या दिशेचा. उभा ठेवून भरला तर आडव्या स्टडखाली पाणी साचतं आणि तिथे पोकळी राहते. चाचणीत स्टील खाली ढकललं जातं, म्हणजे स्टड नेमका त्याच कमकुवत बाजूवर दाबला जातो. घसरण सुरुवातीलाच वाढते. म्हणून नमुना कुशीवर आडवा ठेवून भरतो. प्रत्यक्ष बांधकामात आडव्या पॅनेलच्या वरच्या प्लेटखाली हवा अडकते. तिथे हवा जायला छिद्रं ठेवावीत आणि नंतर प्लेट ठोकून पोकळ आवाज शोधावा.

चाचणीत तळ जिप्सम किंवा मॉर्टरवर समतल बसवा. एका बाजूला जरा जरी पोकळ राहिलं तरी भार विषम वाटला जातो आणि एकाच बाजूचे स्टड आधी तुटतात. तळाचं घर्षणही स्लॅबला बाहेर सरकू देत नाही, म्हणून आकडा थोडा फुगतो. हे अहवालात लिहावं. घसरण मोजणारे गेज स्टडच्या शक्य तितके जवळ, शिवाय प्लेट गाभ्यापासून सुटते का हे पाहायला आडवे गेज.

आधी अपेक्षित भाराच्या ४० टक्क्यांपर्यंत जातो, मग ५ ते ४० टक्क्यांमध्ये २५ फेऱ्या. त्यानंतर हळूहळू भार वाढवायचा, अपयश १५ मिनिटांच्या आत येऊ नये. कमाल भारावर थांबू नका. भार २० टक्क्यांनी उतरेपर्यंत घसरण नोंदवा, लवचिकता (अचानक न तुटता घसरण सहन करण्याची क्षमता) त्याच भागात कळते.

सारखे तीन नमुने लागतात. एकही सरासरीपासून १० टक्क्यांहून जास्त दूर नसेल, तर सर्वात कमी आकड्यातून १० टक्के वजा केले की वैशिष्ट्यमूल्य (डिझाइनचा आधार धरायचा सावध आकडा) मिळतं. वैशिष्ट्यपूर्ण घसरणक्षमता ६ मिमी किंवा जास्त असेल तरच कनेक्टर लवचिक मानायचा.

शेवटी काँक्रीट फोडून प्रत्येक स्टड पाहतो. कॉलरच्या लगेच वर दांडा कापला गेला असेल तर स्टीलचा आकडा खरा ठरतो. मुळाशी काँक्रीटचा चुरा आणि वाकलेला स्टड दिसला तर काँक्रीटचा. वेल्ड सपाट निघाला असेल, तर तो नमुना आकडेवारीत धरत नाही.