लिडिया मागे राहिलीये

गेल्या रविवारी स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या हाय ह्रॉथगारच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मठाच्या, सात हजार पायऱ्या मी पुन्हा चढायला घेतल्या. पायथ्याच्या आयव्हरस्टेड गावाचा पूल ओलांडला की चढ सुरू होतो आणि पुढे बर्फात पांढरा ट्रोल वाट अडवून बसलेला असतो. त्याला कसाबसा मारला आणि मी वर निघाले. शेजारी पाय पोटाशी घेऊन बसलेली लेक एकदम म्हणाली, "आई, थांब ना! लिडिया मागे राहिलीये."

वळून पाहिलं. लिडिया, गेममधली माझी सोबतीण, खाली बर्फात गुडघ्यावर टेकली होती. उतरून तिच्यापाशी गेले आणि ती उठेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

स्कायरिम पहिल्यांदा खेळले ते 2012च्या दिवाळीच्या सुट्टीत, दादाच्या पीसीवर. गेम त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात आला होता. व्हाइटरन शहराच्या बुरुजापाशी पहिला ड्रॅगन मारला की तिथला यार्ल, म्हणजे सरदार, लिडियाला तुमच्या सेवेला देतो. दादा म्हणाला होता, "सामान दे गं तिला सगळं, त्यासाठीच आहे ती." मीही इतकी वर्षं तेच केलं. तुमचं ओझं वाहायची शपथ तिने घेतलेलीच असते. ती शपथ ती ज्या आवाजात बोलून दाखवते, तो मला आजही लागतो.

पुढच्या भागाची घोषणा झाली जून 2018मध्ये. जेमतेम 36 सेकंदांचा टीझर: धुकं, डोंगर, समुद्राचा किनारा आणि शेवटी नाव, 'द एल्डर स्क्रोल्स सिक्स'. तेव्हा लेक घरभर रांगत होती, आता चौथीत आहे. त्या टीझरमध्ये माणूस एकही नाही. लोक डोंगरांच्या आकारावरून प्रदेश ओळखत बसले, बऱ्याच जणांनी याच जगातल्या हॅमरफेल या प्रदेशावर बोट ठेवलं. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न आहे. या डोंगरात माझ्याबरोबर कोण असणार?

स्कायरिममध्ये वर कंपासची पट्टी असते. न पाहिलेल्या जागेच्या जवळ गेलं की तिच्यावर खूण उमटते: गुहा, किल्ला, भग्न मंदिर. मग आपण त्या खुणेकडे चालत सुटतो आणि मधला डोंगर नुसता कापायचं अंतर होऊन बसतो. मला वाटतं, नव्या गेममध्ये कंपासचं हे काम सोबत्याकडे द्यावं. याचं बीज स्कायरिममध्येच आहे. गुहा दिसली की लिडिया म्हणतेच, आत काय असेल कोण जाणे. पण दुसरा कुणी बरोबर असला तरी बोलणं साधारण तेच, आणि गुहा कुठलीही असली तरी तेच.

आजोळी, कोकणात, पावसाळ्यात एकाच पायवाटेने मी मामाबरोबरही गेले आहे आणि मामीबरोबरही. मामा वाकून साळिंदराचा काटा उचलायचा आणि रात्री ते कुठून कुठे गेलं असेल ते सांगायचा. मामीला तोच काटा कधी दिसला नाही. तिला टाकळा दिसायचा, कुर्डू दिसायची. ओटीत भाजी भरूनच ती घरी यायची. वाट एकच, पण मला दोन वाटा ठाऊक आहेत.

तसंच गेममध्ये हवंय, आणि त्यासाठी लागणारं सगळं या जगात आधीपासून आहे. खजीटना, म्हणजे मांजरासारख्या लोकांना, अंधारात बघायची शक्ती असते. सरड्यासारखे आर्गोनियन पाण्याखाली श्वास घेतात. डार्कवॉटर क्रॉसिंग या वस्तीतल्या डर्कीथस नावाच्या आर्गोनियनला मी गुहेत राहणाऱ्या फॅल्मरांच्या तावडीतून सोडवून बरोबर घेतलं होतं. त्याच्याबरोबर किती तळ्यांकाठून गेले असेन! तो एकदाही म्हणाला नाही की खाली काहीतरी चकाकतंय, थांब, बघून येतो. हे एक वाक्य त्याला दिलं असतं तर स्कायरिमच्या प्रत्येक तळ्याला तळ आला असता. आणि प्रदेश खरंच हॅमरफेल निघाला, तर तिथे वाळवंट आहे. पाणी कुठे लागेल हे तिथे वाढलेल्या रेडगार्डच्या, म्हणजे तिथल्याच माणसाच्या, तोंडून कळावं, नकाशावरच्या ठिपक्यावरून नको.

डॉनगार्ड या स्कायरिमच्या 2012च्या जोडभागातली सेराना ही रक्तपिपासू व्हॅम्पायर याच्या बरीच जवळ गेली होती. ऊन लागलं की ती डोक्यावर टोपडं ओढून घेते, कुठे थांबलो की आपणहून जाऊन बसते, शेकोटीवर हात शेकते. मी मुद्दाम थांबायचे, ती काय करते ते बघायला. त्याच कंपनीच्या 2015च्या फॉलआउट फोर या गेममध्ये सोबत्यांना आपलं वागणं आवडतं किंवा खटकतं, तेही मला भावलं. पण त्यांचं लक्ष माझ्यावर असतं. मला त्यांचं लक्ष जमिनीवर हवंय.

स्कायरिममधला माझा सगळ्यात आवडता शोध एका कुत्र्याने लावून दिला. मॉर्थल गावाच्या बाजूच्या रस्त्यावर तो कुत्रा, मीको, भेटतो. आपण त्याच्या मागे जायचं. तो एका झोपडीशी नेतो. आत खाटेवर त्याचा मालक मरून पडलेला, जवळ त्याची वही. वहीत आजारपण आणि मीकोची काळजी. लढाई नाही, खजिना नाही. ती वही लेकीला वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "याला आपल्याबरोबर नेता येतं?"

येतं. स्कायरिममध्ये एक माणूस आणि एक जनावर असे दोघे बरोबर घेता येतात. तेव्हा या रविवारी लिडिया आणि मीको दोघेही असणार आहेत. सेटिंगमध्ये जाऊन कंपासची पट्टी मी पार पुसट करून ठेवली आहे. मीको जिकडे भुंकत धावेल तिकडे जायचं, आणि लिडिया मागे राहिली तर थांबायचं, असं लेकीने ठरवलंय.