तळहातावरची ओली वाळू

“बोअरिंग १२ मीटरवरच थांबवले तर नाही का चालणार?” आज गुजरातमधल्या कांडला बंदराच्या साइटवर, पायाआधी जमीन तपासायला भोक पाडत असताना, मालकांनी विचारले आणि मला चटकन उत्तर सुचले नाही.

भोकातून वर काढलेली मातीच्या नमुन्याची नळी नुकतीच उघडली होती. ६३.५ किलोच्या हातोड्याचे जेमतेम ७ ठोके पडले, तोच ती ३० सेंटिमीटर खाली गेली होती, म्हणजे खालची वाळू सैल होती. तिच्यातली राखाडी, बारीक वाळू मी तळहातावर घेऊन हलवली, तेव्हा पाणी वर येऊन ती चकाकली. चिमटीत धरताच ते पाणी आत मुरले.

२००१ च्या भूकंपात याच बंदरातील, १८ मीटर लांब पाइल्सवर (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर) उभा असलेला टॉवर कलला होता, कारण मऊ चिकणमातीखालची पाण्याने भरलेली वाळू हादऱ्यांनी पातळ झाली. मालकांपुढे मी फक्त तळहात धरला. बोअरिंग पुढे चालू आहे.

शेजारच्या प्लॉटवर मात्र एकही बोअर न घेता पाया खणला जातो आहे. त्यांना कोणी सांगायचे?