फिरोजीनंतर क्रीम

सोलापूरजवळ चिंचोळीच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी प्लॅनिंग बघते. टॉवेल म्हटलं की लोकांना माग आठवतात, पण आमचं वेळापत्रक अडतं ते डाय हाउसमध्ये, म्हणजे रंगाई होते तिथे. कुठल्या रंगानंतर कुठला लॉट (एका रंगाचा एका वेळचा माल) घ्यायचा, यावर सगळं ठरतं. फिक्याकडून गडदाकडे गेलं तर मशीन नुसतं खंगाळून चालतं. काळ्यानंतर पांढरा आला की कॉस्टिक आणि हायड्रो ही रंग काढणारी रसायनं टाकून उकळी द्यावी लागते. पाणी गेलं, वाफ गेली, दोन-तीन तास गेले. ज्या शहरात घरच्या नळाला रोज पाणी येत नाही, तिथे वाया गेलेली प्रत्येक उकळी जिवाला लागते.

म्हणून मालक म्हणाले, "क्वांटमवाले येणार आहेत, मॅडम, तुम्ही बसा," तेव्हा मी खुशीने बसले. ते क्वांटम कॉम्प्युटरवर लॉटचा क्रम लावून देण्याची सेवा विकतात. अणू-इलेक्ट्रॉनच्या पातळीवरच्या नियमांनी हिशेब करणारं यंत्र, हा विषय मी आवडीने वाचत आले आहे. पुण्याहून आलेल्या मुलाने आधी चिप गार ठेवणारं सोनेरी झुंबरासारखं शीतयंत्र दाखवलं, मग केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे ६,००३.६५ कोटी, आणि मग ते वाक्य: "वीस लॉटचे सगळे क्रम आमचं मशीन एकाच वेळी तपासतं."

हे वाक्य कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. वीस लॉटचे क्रम होतात दोनावर अठरा शून्यांहून जास्त. ते सगळे क्युबिट्समध्ये, म्हणजे या यंत्राच्या माहितीच्या कणांमध्ये, एकत्र मांडता येतात हे खरं, पण मोजायला गेलं की हाती एकच येतो, आणि तोही कुठलाही. हवा तोच यावा यासाठी संगणकशास्त्रज्ञ ग्रोव्हरची १९९६ची पद्धत आहे, ती पायऱ्या वर्गमुळाइतक्या खाली आणते. म्हणजे तरीही शंभर कोटींच्या वर पायऱ्या, एकामागून एक, आणि प्रत्येक पायरीत कितीतरी क्रिया. आजच्या चांगल्या चिपवरही दोन क्युबिट्सच्या क्रियेत हजारात एखादी चुकते. उत्तर येण्याच्या फार आधी सगळा नुसता गोंधळ उरेल. शिवाय साधा प्रोग्रामसुद्धा सगळे क्रम तपासत बसत नाही, तो निरुपयोगी क्रम गठ्ठ्याने बाद करतो. ही तुलना त्यांच्या एकाही स्लाइडवर नव्हती.

आमच्या लॉटचा एक क्रम त्यांनी लावून आणला होता. "या उत्तरातलं किती काम त्या चिपवर झालं?" मी विचारलं. थोडं थांबून मुलाने सांगितलं, अगदी थोडं, बाकी नेहमीच्या सर्व्हरवर. त्याने खरं सांगितलं. राग आहे तो अशा पोरांच्या हाती तसलं वाक्य देऊन पाठवणाऱ्यांवर.

मग त्यांचा क्रम आमच्या रंगाईच्या मास्तरांना दाखवला. हात पुसत आले, कागदावरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले.

"फिरोजीनंतर क्रीम? हे कुणी लावलं?"

"दोन्ही लाइट शेड आहेत ना," मुलगा म्हणाला.

"फिका असला म्हणून काय झालं? फिरोजी मशीनमधनं लवकर निघत नाय. क्रीम हिरवट मारतंय की, मॅडम!"

त्यांना दिलेल्या तक्त्यात रंगासाठी एकच रकाना होता: फिका, मध्यम, गडद. फिरोजीचा चिवटपणा त्यात कुठेच नव्हता. जे तक्त्यातच नाही ते कुठल्या मशीनला सापडणार?

संध्याकाळी मास्तरांना बसवून, कुठल्या रंगानंतर कुठल्या रंगाला किती धुलाई, असा जोडीजोडीचा तक्ता केला आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामला दिला. काही मिनिटांत क्रम आला, आमच्या नेहमीच्या क्रमापेक्षा कमी उकळ्यांचा. मास्तरांचा एवढाच वेळ मी कितीतरी दिवस मागत होते. क्वांटमचं नाव निघालं तेव्हा तो मिळाला.

"म्हणजे सगळं खोटंच का?" मालकांनी विचारलं. नाही, अजिबात नाही. डिसेंबर २०२४मध्ये गूगलने १०५ क्युबिट्सची विलो चिप जाहीर केली. चुका दुरुस्त करणारी क्युबिट्सची जाळी ३×३ वरून ५×५, मग ७×७ केली, तर दर वेळी चुकांचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. क्युबिट्स वाढवले की चुका वाढतात, हीच इतकी वर्षं अडचण होती. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि या यंत्राचं खरं काम रेणूंचं. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने १९८१मध्येच सांगितलं होतं की निसर्गाचं गणित करायचं तर यंत्रही क्वांटमच हवं. आमचा रिअॅक्टिव्ह रंग घ्या. थोडा कापसाला धरतो, थोडा पाण्याशीच जुळून गटारात जातो. रंग कापसाकडे ढकलायला एवढं मीठ, न धरलेला काढायला एवढ्या धुलाया. मोठ्या रेणूंतल्या इलेक्ट्रॉन्सचं वागणं आजच्या कॉम्प्युटरला अंदाजानेच काढावं लागतं. तिथे या यंत्राकडून मला मनापासून आशा आहे. पण त्याला लाखो क्युबिट्स लागतील असे अंदाज आहेत, आणि आपल्या मिशनचं आठ वर्षांचं उद्दिष्ट ५० ते १००० आहे. ते आलंच तर रंग बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत आधी येईल, माझ्या टेबलावर नाही.

मालकांनी ऐकून घेतलं. तरी म्हणाले, "बाहेरच्या पार्टीला हा शब्द आवडेल." निर्णय अजून झालेला नाही. मी लेखी दिलंय: मास्तरांचा नवा तक्ता, तेच लॉट, एकीकडे त्यांची सेवा आणि दुसरीकडे ऑफिसचा कॉम्प्युटर, दोन्ही क्रम मास्तरांनी तपासायचे, आणि त्यानंतरच पैशांचं बोलायचं.