आखाड्यावरचा बल्ब आता बॅटरीवर
आज शेतातल्या आखाड्यावरच्या, म्हणजे गोठ्यावरच्या बल्बचं काम झालं एकदाचं. आमच्याकडं परभणीत रात्री लाईट कधी जाईल नेम नाही, त्यात म्हैस व्यायला आलेली, बाबांना तिला अंधारात सोडवत नव्हतं. २३० व्होल्टच्या एलईडी बल्बचं टोपण काढलं, आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) अन् एलईडीची जुनी प्लेट काढून १२ व्होल्ट डीसीची ९ वॅटची प्लेट बसवली, १८६५० आकाराचे २६०० एमएएचवाले ३ लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे ११.१ व्होल्ट, जवळपास ३ तास उजेड. बीएमएस, म्हणजे सेल जादा चार्ज होऊ न देणारं सर्किट, मात्र लावाच, लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाला तर पेटू शकतो अन् इथं तर खाली कडबा असतोय, तिथं काटकसर नको. चार्जर पण १२.६ व्होल्टचाच (३ सेल × ४.२) घ्या. आता बाबा म्हणायलेत विहिरीपाशी पण एक करून दे, उद्या सेल आणायला जायलोय.