आईला घेऊन सोलापूर ते मुंबई, विमानाने

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते आणि तिला दादरला मावशीकडे जायचंच होतं. डॉक्टरांची अट एकच, सलग दोन तासांच्या वर बसून राहायचं नाही. वंदे भारतला साडेसहा तास लागतात, आणि हलत्या गाडीत उठून फेऱ्या मारणं तिला जमणार नव्हतं. ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूरहून मुंबईला विमान सुरू झालंय, म्हणून मी त्या बाजूने विचार सुरू केला.

नेटवर प्रत्येक ठिकाणी अंतर वेगळं दिसत होतं. रेल्वेने ४५५ किलोमीटर, कारण रूळ कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत घाट उतरतो. शेवटी विमानाचं सरळ अंतर काढायला लेकीला घेऊन बसले. होटगी रोडचा विमानतळ साधारण १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व. मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, आपल्या पट्ट्यात रेखांशाचा सुमारे एकशे साडेपाच. म्हणजे उत्तरेकडे १६२, पश्चिमेकडे ३२३. पायथागोरस लावला आणि ३६१ आले. लेकीने दोनदा तपासलं.

मग तिनेच विचारलं, जेट ताशी आठशेने उडतं, तर अर्धा तास पुरायला हवा, तिकिटावर तासाच्या वर का? याचं उत्तर मला शोधावं लागलं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं हे सगळं त्यात येतं. एवढ्या कमी अंतरात पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे उतरायला रांग लागते.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगेन. मी आधी विसरले होते. नंतर फोन करून नोंद करून घेतली, पण ते दोन दिवस जिवाला घोर होता.

जुळे सोलापूर भागातल्या आमच्या घरून विमानतळ रिक्षाने वीस मिनिटं. विमानतळ लहान आहे, चालणं कमी, आईच्या दृष्टीने हे फार मोलाचं. तरी दीड तास आधी पोचलो. जून २०२३ मध्ये विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा आमच्याच घरात दोन मतं होती. बाबांना ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांची काळजी होती आणि ती खोटी नव्हती. विमान वर जाताना मला तेच आठवलं.

आईने खिडकीतून भीमा ओळखली. मुंबईवर आम्ही दोन घिरट्या घेतल्या, तरी ती खुर्चीत बसून होती ती सव्वा तासच. व्हीलचेअर दारापाशी आली, सामान मिळायला अर्धा तास गेला. घरातून निघाल्यापासून साडेतीन तासांनी आम्ही टॅक्सीत बसलो.

"गाडीनं आलो असतो तर आत्ता कुठं असतो गं?" आईने पाय लांब करत विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. "दौंड मागं पडलं असतं आई. पुणं यायचं असतं."